लॅपटॉप एक, विमे दोन: क्रेडिट कार्डाचं कव्हर आधी की घराचं?

नमस्कार मंडळी. हे दोन कागद बघा. (कॅमेऱ्यासमोर धरतो) हा घराचा विमा, आणि हा क्रेडिट कार्डाबरोबर फुकट मिळालेल्या 'पर्चेस प्रोटेक्शन'चा, म्हणजे कार्डावर घेतलेल्या वस्तूच्या विम्याचा कागद. आपल्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका काकांचे आहेत, नाव-नंबर झाकलेत.

काका जत्रेला खानापूरकडं गावी गेले आणि मागं घर फोडलं. चाळीस दिवसांपूर्वी कोल्हापुरातून कार्डावर घेतलेला लॅपटॉप गेला. बिल ६२,००० रुपये. माझ्याकडं आले ते हिशेब मांडूनच: घराच्या विम्याचे ४५,०००, कार्डाच्या कव्हरचे ५०,०००. "लॅपटॉप घेऊन वर फ्रिज पण येतोय की!"

नाही येत काका. विमा खड्डा बुजवतो, वर ढीग करत नाही. ६२,००० गेलेत तर दोन्हीकडून मिळून त्याच्या वर एक रुपया नाही.

मग आधी कुणाकडं जायचं? कार्डाच्या कागदात बारीक अक्षरांत 'इतर विमा' असं एक कलम असतं, ते शोधा. बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं की दुसरा विमा असेल तर आधी तो, उरलं तर आम्ही. काही ठिकाणी दोघं हिश्शानं वाटून घेतात. काकांच्या कागदात पहिला प्रकार होता. घराच्या विम्यानं घसारा आणि तुम्हीच सोसायची ठरलेली रक्कम वजा करून ४५,००० दिले, तर उरतात १७,०००. तेवढेच कार्डाकडं मागायचे, तेही कार्डाच्या अटीत बसले तर.

इथंच माणसं फसतात. पहिल्याचे पैसे येऊ देत, मग दुसऱ्याला सांगू म्हणतात, आणि तोवर कार्डाची कळवायची मुदत संपते. पैसे एकापाठोपाठ मिळू देत, पण कळवायचं दोघांना, एकाच दिवशी, मेलवर. दोन्हीकडं दुसऱ्या विम्याचा उल्लेख करा. लपवलंत तर दोन्ही क्लेम अडकतात. मूळ बिल एकच, ते पहिल्याकडं जाणार, म्हणून दुकानातून शिक्क्याची दुसरी प्रत आणून ठेवा. घराच्या विम्याचं सेटलमेंट लेटर जपा, कार्डवाले तेच मागतात.

आता खास आपल्या भागातली भानगड. फिर्याद कन्नडात लिहितात आणि आपण खाली सही ठोकतो. कन्नडात 'कळवु' म्हणजे चोरी, 'कळेदु होगिदे' म्हणजे हरवलंय. (आपल्या मराठीत 'कळवू' म्हणजे सांगू, तो तिसराच घोळ.) ही कव्हर बहुतेक आग आणि घरफोडीसाठी असतात, वस्तू नुसती हरवली तर क्लेम नाही. म्हणून सही करायच्या आधी स्वतः वाचा किंवा कन्नड येणाऱ्याकडून वाचून घ्या. कुलूप तोडलं असेल तर 'बीग मुरिदु' हे शब्द आत हवेत. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे ते. काकांनी तर दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावून कडी बदलली. नशीब, नातवानं वाकलेल्या कडीचा फोटो काढून ठेवला होता!

आणि एक. कोल्हापूरच्या भाऊजींच्या कार्डावर दहा टक्के सूट होती म्हणून त्यांच्या कार्डावर घेतलंत, तर ते कव्हर भाऊजींचं, तुमचं नाही. सूट घ्या की, पण मग कार्डाच्या विम्याची आशा सोडा. जुना फोन देऊन नवा घेतला तर बहुधा कार्डावर जेवढे भरले तेवढेच धरतात.

क्लेम नाकारला तर? बँकेच्या काउंटरवर भांडून उपयोग नाही. बँक विमा देत नाही, तिनं कुठल्या तरी विमा कंपनीकडून सगळ्या कार्डवाल्यांसाठी मिळून एक पॉलिसी घेतलेली असते. बँकेकडं फक्त त्या कंपनीचं नाव आणि अटींचा कागद मागा. तोही देत नसतील तर लेखी तक्रार करा, ३० दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. क्लेमची तक्रार आधी विमा कंपनीकडं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडं. फी नाही, वकील नाही. वस्तू कोल्हापुरातून आणली असली तरी घर कर्नाटकात, त्यामुळं आपला अर्ज बंगळूरच्या लोकपालाकडं. तो ऑनलाइनही भरता येतो, रात्रीच्या बसचं तिकीट काढू नका.