जॉब सुटल्यावर कळतं

तुमच्यापैकी बहुतेकांनी मशीनवर उभं राहून काम केलंय, म्हणून मी थेट एका रिंगपासून सुरुवात करतो. अ‍ॅल्युमिनियमची रिंग, बाहेरून 120 मिलीमीटर, भिंत जेमतेम 4 मिलीमीटर. मी चक डिझाइनमध्ये, म्हणजे मशीनवर तुकडा धरून फिरवणाऱ्या पकडीच्या डिझाइनमध्ये, नवा होतो तेव्हाची ही गोष्ट. तीन जॉच्या, म्हणजे तीन जबड्यांच्या, हायड्रॉलिक चकमध्ये बाहेरून धरून आतून बोअर करायची, म्हणजे आतलं भोक कापून मापात आणायचं, एवढंच काम. ऑपरेटरने बोअरिंग झाल्यावर चकमध्येच डायल, म्हणजे फरक दाखवणारा काट्याचा गेज, लावून दाखवला, काटा जागचा हलला नाही. जॉब, म्हणजे चकमध्ये धरलेला तुकडा, काढून दोन टोकांच्या बोअर गेजने फिरवून फिरवून मापला, सगळीकडे एकच माप. माल गेला आणि थोड्याच दिवसांत परत आला. शेरा होता, बोअर गोल नाही.

मला ते पटेना, कारण मापं माझ्याच हातातली होती. मग गोलाई तपासणाऱ्या यंत्रावर, राउंडनेस टेस्टरवर, रिंग ठेवली तेव्हा कागदावर तीन पाकळ्या उमटल्या.

झालं होतं असं. जॉ दाबतात तिथे पातळ रिंग आत दबते आणि दोन जॉच्या मध्ये बाहेर फुगते. अशा वाकलेल्या अवस्थेत टूल आत फिरतं आणि बोअर अगदी गोल करतं. जॉ उघडले की दबलेली जागा परत बाहेर येते, फुगलेली आत बसते आणि गोल बोअर तिकोनी होतो. गेजला हे का दिसलं नाही? जॉ तीन, म्हणजे प्रत्येक जॉच्या बरोबर समोर दोन जॉमधली मोकळी जागा. एका बाजूला जेवढं वाढतं तेवढंच समोर कमी होतं. व्यास सारखाच राहतो! दोन टोकांचं कुठलंही साधन इथे फसतं. गोल नसलेल्या गोष्टीचा व्यास सगळीकडे सारखा असू शकतो, हे मी त्या दिवशी शिकलो. आजही नव्या मुलाला मी आधी हेच दाखवतो, चकचं ड्रॉइंग नंतर.

मग वाटतं, प्रेशर कमी करा, प्रश्न मिटला. तसं होत नाही, कारण जॉला वजन असतं. चकमध्ये सरकणारा मास्टर जॉ आणि त्यावर बसवलेला, जॉबच्या मापाने कापता येणारा सॉफ्ट जॉ मिळून एक किलो धरा, त्याचा गुरुत्वमध्य केंद्रापासून 80 मिलीमीटरवर. 2,000 आरपीएमला तो जॉ सुमारे 350 किलोच्या जोराने बाहेर पळू बघतो. तिन्ही मिळून एक टनाच्या वर, आणि तेवढी पकड धावत्या चकमध्ये कमी होते. वेग दुप्पट केला तर हा जोर चौपट, म्हणजे चार टनांच्याही पुढे. कॅटलॉगमध्ये जो पकडीचा आकडा असतो तो उभ्या चकचा, तोही नीट ग्रीस भरलेल्या. सिलिंडरच्या ओढीने जॉ आत सरकवणाऱ्या पाचरीवर, म्हणजे वेजवर, घर्षण वाढलं की सिलिंडरची ओढ तशीच राहते, जॉपर्यंत पोचणारी पकड मात्र खूप घसरते. ग्रीस गनला मी चकचाच एक भाग मानतो.

आता आमची अडचण बघा. दाब वाढवला तर बोअर तिकोनी आणि मऊ अ‍ॅल्युमिनियमवर जॉचे ठसे. दाब कमी केला तर वेगात पकड सुटून जॉब उडायची भीती, आणि उडालेला जॉब माणसाच्या जिवावर बेततो. इथे चकच्या बॉडीत बदल करून फारसं काही साधत नव्हतं. जॉब काय मागतोय ते बघून जॉपासून मागे यावं लागलं.

आम्ही पोलादी सॉफ्ट जॉ काढून अ‍ॅल्युमिनियमचे रुंद, रिंगला जवळजवळ पूर्ण कवेत घेणारे जॉ केले. अ‍ॅल्युमिनियमचं वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, त्यामुळे रुंदी वाढवूनही वजन आटोक्यात राहिलं. तीन टोकांवरचा दाब आता जवळपास सगळ्या परिघावर पसरला. हे जॉ मशीनवरच बोअर केले, तेही आत एक कडक रिंग पकडून, कामाच्या वेळी जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबावर. नाहीतर गाइडमधल्या ढिलाईमुळे जॉ तिरपा होतो आणि बोअर केलेला जॉ जॉबला फक्त एका कडेवर धरतो. जॉचा व्यासही जॉबच्या व्यासाइतकाच हवा. लहान झाला तर जॉच्या दोन कडा टोचतात, मोठा झाला तर फक्त मधली रेघ टेकते, आणि रुंद जॉचा सगळा फायदा जातो.

आणखी एक गोष्ट त्या वेळच्या ऑपरेटरने सुचवली, ती मी अजून विसरलो नाही. रफिंग, म्हणजे सुरुवातीचं जाड कापणं, जास्त दाबावर करायचं, फिनिशिंग, म्हणजे शेवटचं बारीक कापणं, कमी दाबावर. आम्ही प्रोग्राममध्येच नुसता दाब उतरवून पाहिला, तर पाकळ्या जवळपास तशाच. वेज घर्षणामुळे अडकून राहतो, सिलिंडरचा दाब उतरला तरी जॉवरची पकड त्या प्रमाणात उतरत नाही. म्हणून रफिंगनंतर मशीन थांबवायचं, चक पूर्ण उघडायचा, रिंगला मोकळा श्वास घेऊ द्यायचा, आणि कमी दाबावर पुन्हा धरून शेवटचा पाव मिलीमीटर काढायचा. दर जॉबमागे वेळ वाढला. पण पुढच्या खेपेला राउंडनेस टेस्टरच्या कागदावर पाकळ्या शोधाव्या लागल्या.