नऊ सेकंदांची वाफ

मूत्ररोग विभागातली एक लहानशी खोली. मध्यभागी नरसाळे, त्याखाली एक भांडे आणि भांड्याखाली मोजणी करणारे यंत्र. रुग्णाने दार लावून नेहमीसारखी लघवी करायची; सेकंदाला किती मिलिलिटर धार पडली, याचा आलेख यंत्र काढते. निरोगी तरुणाचा आलेख घंटेच्या आकारात चढतो आणि झपाट्याने उतरतो. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या एका रुग्णाचा आलेख मात्र सेकंदाला १० मिलिलिटरच्याही खाली, दीड मिनिट रेंगाळलेला आहे.

मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाला वेढून असलेली प्रोस्टेट ग्रंथी तरुणपणी अक्रोडाएवढी, सुमारे २० ग्रॅम वजनाची असते. पन्नाशीनंतर ती अनेकांमध्ये वाढत जाते. ही वाढ कर्करोगाची नसते, परंतु मार्ग आतून दाबला जातो. रात्री तीन-चारदा उठणे, धारेसाठी ताटकळणे, नंतर थेंब थेंब होत राहणे, हे सारे ‘वयाचा भाग’ म्हणून पुरुष वर्षानुवर्षे सोसतात. एसटीचा लांबचा प्रवास असला, की सकाळपासून पाणी पिणेच टाळतात.

गोळ्यांनी भागले नाही, की घरोघरी ज्याला ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हणतात, त्याचा विषय निघतो. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून विजेच्या तारेच्या फासाने ग्रंथी आतून खरवडून काढणारी ही शस्त्रक्रिया, म्हणजे टीयूआरपी, आजही इतर उपचार ज्याच्याशी ताडून पाहायचे ती कसोटी मानली जाते. मात्र त्यानंतर बहुसंख्य पुरुषांमध्ये संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाते. तपासणीच्या खोलीत ही गोष्ट संकोचाने मागे पडते, आणि नेमकी तीच आधी बोलायला हवी, कारण कमी चिरफाडीच्या उपायांत हा परिणाम सहसा टळतो, हेच त्यांचे मोठे आकर्षण आहे.

त्यांपैकी रेझूम या वाफेच्या पद्धतीला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली. मोदकपात्राचे झाकण काढताना हाताला वाफ लागली, तर ती उकळत्या पाण्याहूनही जोरात भाजते, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. वाफेचे पाणी होताना तिच्यातली सुप्त उष्णता एकदम बाहेर पडते. इथे तोच गुण कामी येतो. दुर्बिणीतून पुढे सरकणारी बारीक सुई ग्रंथीत शिरते आणि प्रत्येक टोचणीला नऊ सेकंद, सुमारे १०३ अंश सेल्सिअसची वाफ सोडते. वाफ पेशींच्या फटींतून पसरते, थंडावते आणि त्या पेशी मरतात. त्यांचा निचरा शरीर हळूहळू, काही आठवड्यांत करते. म्हणूनच आराम लगेच मिळत नाही: काही दिवस कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, राहतो, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जळजळ उलट वाढू शकते, आणि पूर्ण गुण यायला तीन महिने लागतात.

युरोलिफ्ट या दुसऱ्या पद्धतीत काहीच जाळले वा कापले जात नाही. खिडकीचे पडदे दोन्ही बाजूंना ओढून बांधावेत, तसे ग्रंथीचे फुगलेले भाग बारीक टाक्यांनी बाजूला ताणून धरतात. गुण लवकर येतो, पण टिकण्याचा प्रश्न उरतो. प्रमुख अमेरिकी चाचणीत पाच वर्षांत १३.६ टक्के रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली; रेझूमच्या तशाच चाचणीत हे प्रमाण ४.४ टक्के होते. या दोन चाचण्या वेगवेगळ्या रुग्णांवर झाल्या होत्या, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून थेट निकाल देणे मात्र योग्य नाही.

तिसरा मार्ग मूत्रमार्गाकडे जातच नाही. मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीतून बारीक नळी प्रोस्टेटच्या रक्तवाहिन्यांपर्यंत नेऊन सूक्ष्म कण सोडले जातात. रक्तपुरवठा घटतो आणि ग्रंथी आकसते. वयोमानाने धमन्या वाकड्या आणि कडक झालेल्या असतील, तर हेच काम अवघड होते.

‘कमी चिरफाड’ याचा अर्थ ‘तेवढाच गुण, फक्त त्रास कमी’ असा लावला जातो, तो बरोबर नाही. धारेतली सुधारणा टीयूआरपीपेक्षा साधारणपणे कमी असते. ग्रंथी फार मोठी असेल, मूत्राशयात खडे झाले असतील किंवा लघवी तुंबून मूत्रपिंडांवर ताण आला असेल, तर टीयूआरपी किंवा होल्मियम लेझरच्या शस्त्रक्रियेकडेच वळावे लागते.

उपचार कोणताही झाला, तरी काही महिन्यांनी रुग्णाला याच नरसाळ्यापाशी पुन्हा बोलावले जाते. त्यानंतर लगेच सोनोग्राफी करून मूत्राशयात किती लघवी मागे उरली, तेही मोजतात. कारण वर्षानुवर्षे जोर लावून थकलेला मूत्राशयाचा स्नायू, वाट मोकळी झाल्यावरही, कधीकधी पूर्ण आकुंचन पावत नाही.