चुका पोटात घालणारी भाषा

नमस्कार मंडळी. वेब आता बदलतंय, पानं आपण कमी वाचणार आणि आपल्या वतीने एआय जास्त वाचणार, मग ज्या भाषेत ही पानं लिहितात त्या बिचाऱ्या एचटीएमएलचं काय, असं हल्ली बरेच जण विचारतात. माझं उत्तर एका वाक्यात देतो, एचटीएमएल कुठे जात नाही, कारण ती चुका पोटात घालते. आता हे मला कसं कळलं ते ऐका.

२००० साली एक्सएचटीएमएल आली होती, म्हणजे एचटीएमएलचीच कडक बहीण, एक्सएमएल नावाच्या भाषेचे काटेकोर नियम पाळणारी. तेव्हा सगळे म्हणायचे हेच वेबचं भविष्य, प्रत्येक टॅग, म्हणजे पानाच्या भागांना लावायची खूण, बंद झालाच पाहिजे, शिस्त म्हणजे शिस्त. मीही त्या नादाला लागलेलो. एका मित्राच्या फोटोंचं प्रदर्शन होतं, त्याच्यासाठी पान बनवलं, अगदी कडक एक्सएचटीएमएलमध्ये, दहा वेळा तपासलं. उद्घाटनाच्या तासभर आधी मित्राचा फोन, अरे नावात "ऊन आणि सावली" आहे ना, तो "आणि" काढ आणि ते वेटोळं अँडचं चिन्ह टाक, भारी दिसतं. मी टाकलं, अपलोड केलं, आणि न बघताच निघालो.

हॉलमध्ये पोचतो तर मोठ्या पडद्यावर फायरफॉक्स ब्राउझर उघडलेला आणि त्यात एकही फोटो नाही! नुसतं फिकट पिवळं पान, लाल अक्षरात एरर, खाली रेघांची रांग आणि टोकाला बाण, की बाबा इथे चुकलंय. ते चिन्ह एक्सएमएलमध्ये तसं नुसतं लिहायचं नसतं. एक चिन्ह चुकलं म्हणून अख्खं पान गायब. दुसऱ्या कॉम्प्युटरवर इंटरनेट एक्स्प्लोरर होता, तो तर पान दाखवायच्या ऐवजी फाइल डाऊनलोड करू का विचारत होता. आणि सगळ्यात कहर म्हणजे एक वयस्कर गृहस्थ हात मागे बांधून त्या पिवळ्या पानासमोर चांगली दोन मिनिटं उभे होते, मग मित्राला म्हणाले, हे जरा वेगळं आहे, आवडलं. मित्र अजून मला त्यावरून छळतो.

तर असं. एचटीएमएल असती तर चूक पोटात घालून पान दाखवलं असतं. २००४ मध्ये अ‍ॅपल, मोझिला आणि ऑपेरा या ब्राउझर बनवणाऱ्यांची माणसं एकत्र आली ती साधारण याच विचाराने, की जुनी पानं मोडायची नाहीत. पुढे २००९ मध्ये एक्सएचटीएमएल २ चं काम थांबवायचं ठरलं, २०१४ मध्ये एचटीएमएल ५ पक्की झाली, आणि चुकीचं पान ब्राउझरने कसं सावरायचं हेसुद्धा तिच्यात नियम म्हणून लिहिलं. आता तर सहावी, सातवी असं काही येणारच नाही, एकच स्टँडर्ड आहे आणि ते सतत बदलत राहतं.

फक्त माफ करते म्हणून काहीही लिहायचं असं नाही हां. बटन असेल तर बटनचाच टॅग वापरा, डिव्हला, म्हणजे स्वतःचा काही अर्थ नसलेल्या नुसत्या डब्याच्या टॅगला, रंग फासून बटन बनवू नका. माणसाला ते दिसतं, पण अंध माणसांना पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला आणि एआयला टॅगवरून नीट कळतं की हे दाबायचंय. पूर्वी ज्या उघडमीट होणाऱ्या खिडक्यांसाठी ढीगभर जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाला हलतं करणारा कोड, लागायची, ती कामं आता डायलॉग आणि डिटेल्स हे टॅग बरीचशी करतात.

मागच्या आठवड्यात ती प्रदर्शनाची फाइल सापडली. नावातलं एक्सएचटीएमएल काढून नुसतं एचटीएमएल केलं, आत एका अक्षराला हात लावला नाही, आणि उघडली. सगळे फोटो दिसले, वर ते वेटोळं चिन्हसुद्धा, चुकीचंच लिहिलेलं. मित्राला स्क्रीनशॉट पाठवला तर म्हणतो, पिवळंच बरं होतं रे.