भुवया वर करा बघू!

श्रोतेहो, नमस्कार. आज कपाळाच्या स्नायूंबद्दल बोलू या. भुवई वर उचलतो तो फ्रंटॅलिस. हा पातळ स्नायू हाडाला कुठेच बांधलेला नसतो, भुवयांच्या कातडीत गुंतलेला असतो. म्हणून तो आखडला की आडव्या आठ्या पडतात. उभ्या आठ्या पाडतो कॉरुगेटर. हल्ली इंजेक्शन घेऊन आठ्या घालवतात. नाटकातल्या माणसांनी तरी ते करू नये. बालगंधर्व रंगमंदिरात पुढच्या रांगेत बसून नटाचं न हलणारं कपाळ बघवत नाही.

आमच्या सदाशिव पेठेत कथक शिकवणाऱ्या एक ताई राहतात. नाट्यशास्त्रातल्या भुवयांच्या सातही हालचाली मुलींकडून घोटून घेतात. एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. आरशात बघतात तर तोंड उजवीकडे ओढलेलं, डावा डोळा मिटेना. सासूबाईंनी 'लकवा गं बाई!' म्हणून रडायलाच सुरुवात केली. जिन्यात शेजारी जमले. कुणी म्हणे तेल चोळा, कुणी म्हणे शेक द्या. यजमानांनी कुणाचं ऐकलं नाही, रिक्षा करून थेट हॉस्पिटल गाठलं.

तिथली तरुण डॉक्टर म्हणाली, "ताई, भुवया वर करा बघू!" उजवी भुवई झटकन वर गेली. डावीकडे एकही आठी नाही, कपाळ सपाट. हात-पाय, बोलणं, कान, सगळं नीट तपासून ती म्हणाली, "हा मेंदूचा झटका नाही. चेहऱ्याची नस सुजलीय." बेल्स पाल्सी! स्टेरॉईडच्या गोळ्या, डोळ्यात थेंब, रात्री डोळ्यावर पट्टी. पुढे दोन-अडीच महिन्यांत भुवई पुन्हा हलू लागली.

असं का? कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. एक बाजू बंद पडली तरी दुसरी कपाळ हलवते. म्हणून मेंदूच्या झटक्यात बहुधा तोंड वाकडं होतं, पण कपाळ हलतं. पण हे हुकूम चेहऱ्यापर्यंत पोचवणारी नसच बिघडली, तर कपाळही हलत नाही. पुन्हा सांगतो: मेंदूचा झटका, कपाळ बहुधा हलतं, नस बिघडली, कपाळ हलत नाही.

पण ही पारख डॉक्टरांनीच करायची, घरी आरशासमोर नाही. तोंड वाकडं दिसलं की लगेच 108 फिरवा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि हे तास त्रास सुरू झाल्यापासून मोजतात, हॉस्पिटलात पोचल्यापासून नाही.