चादरीवर विणता येतो का तुमचा लोगो?

नमस्कार. मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? तो डावीकडचा पंखा जरा कमी करा कुणीतरी, ग्राफ पेपर आणलेत ते उडतील.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'लोगो ते ब्रँड आयडेंटिटी: विद्यार्थ्याने सुरुवात कुठून करावी'. तो घेणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट बोलायची आहे, ती बरीच वर्षं डोक्यात आहे, मित्रांना सांगून झाली, घरच्यांना सांगून झाली, आज तुम्ही एवढे जण समोर बसलाय तर तुम्हाला सांगतो. माझं म्हणणं एवढंच आहे की सोलापुरात राहून लोगो शिकणाऱ्या पोराने पहिली परीक्षा लॅपटॉपवर नाही, मागावर द्यावी. जो लोगो चादरीच्या किंवा टॉवेलच्या कोपऱ्यात विणता येत नाही तो अजून पुरा झालेला नाही. हे मी गंमत म्हणून नाही सांगत, अगदी शब्दशः म्हणतोय.

हा टॉवेल बघा. आता याची उलटी बाजू बघा. काय झालं? बरोबर, रंगांची अदलाबदल झाली. पांढऱ्यावर निळा मोर होता, तो निळ्यावर पांढरा झाला आणि त्याने तोंडही फिरवलं. हा टॉवेल पुढे पास करतो, हाताळून बघा, पण परत माझ्याकडे येऊ द्या, माझ्याकडे एवढा एकच उरलाय.

या मोराची गोष्ट अशी. मी उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला होतो. वडिलांचे एक मित्र, अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा छोटा कारखाना, काका म्हणाले की आता दुसऱ्याच्या नावाने माल देऊन कंटाळा आला, स्वतःचा मार्का काढायचाय, तू शिकतोयस ना तर कर. मला पहिल्यांदा कुणीतरी खरं काम दिलेलं, मी जीव तोडून केलं. चौदा पिसांचा मोर काढला, प्रत्येक पिसात निळ्यातून हिरव्यात जाणारा ग्रेडियंट, मानेची रेघ केसासारखी बारीक, खाली इंग्रजीत नाव, तेही सगळ्यात हडकुळा फॉन्ट शोधून. स्क्रीनवर काय दिसायचा तो! कॉलेजात मार्कही चांगले पडले. काकांनाही आवडला, ते म्हणाले भारी झालंय, चल आता मास्तरांना देऊ, पहिल्या लॉटच्या कोपऱ्यात विणून घेऊ.

मास्तर म्हणजे डिझाइनचे मास्तर. वय साठीच्या पुढे, घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, लुंगीवाल्याशी कन्नड, आणि चाळीस वर्षं ग्राफवर नक्षी काढत आलेले. त्यांनी माझा रंगीत प्रिंट हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "काय करलालास बे हे? यातला कुठला धागा निळा आन् कुठला निळ्यापेक्षा थोडा कमी निळा, तेवढं सांग, भरतो." मी गप्प. मागावर निळा धागा होता आणि पांढरा धागा होता. थोडा कमी निळा असा धागा नव्हता.

मग त्यांनी मला एक ग्राफ पेपर दिला, त्यावर पेन्सिलने साठ बाय साठ चौकोनांची चौकट आखली आणि म्हणाले यात बसव तुझा मोर. एक चौकोन म्हणजे एक ठिपका, धागा वर नाहीतर खाली, तिसरं काही नाही. जकार्ड मागाचं सगळं तत्त्वच हे. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास हा माग आणला, पुठ्ठ्याच्या पट्टीत भोक असेल तर ताण्याचा, म्हणजे मागावर उभा ताणलेला, धागा उचलला जाणार, नसेल तर नाही. पुढे कॉम्प्युटरवाल्यांनी भोकं पाडलेली कार्डं वापरली त्याचा धागा इथपर्यंत येतो. आता पुठ्ठे गेले, इलेक्ट्रॉनिक जकार्ड आले, फाइल पेनड्राइव्हवर येते, पण धागा अजूनही वर किंवा खालीच असतो. म्हणजे ज्याला आपण पिक्सेल, स्क्रीनवरचा एकेक ठिपका, म्हणून शिकतो ते आपल्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घराघरात माणसं पेन्सिलने भरत होती, आणि आपण त्याच गल्लीतून जाऊन क्लासमध्ये पिक्सेल म्हणजे काय याच्या नोट्स लिहून घेतो.

तीन संध्याकाळी मी त्या कागदावर बसलो. पहिल्या दिवशी चौदा पिसं घालायचा प्रयत्न केला, सगळा मिळून निळा डाग झाला. दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी पाच पिसं ठेवली आणि एकदम मोर दिसायला लागला, आधीपेक्षा जास्त मोर. डोळ्याला एक चौकोन, फक्त एक. तो एका घराने पुढे सरकवला तर मोर घाबरल्यासारखा दिसायचा आणि मागे सरकवला तर झोपेतला वाटायचा, यावर आमचा अर्धा तास गेला असेल. मानेची गोलाई सगळी जिन्यासारखी, मास्तरांनी शिकवलं की दोन घरं आडवी एक घर उभं अशी पायरी एकसारखी चढव, मधेच तीन घेतलीस की मान मोडल्यागत दिसते. कॉलेजात कर्व्ह वर दोन लेक्चरं झाली होती, पण नजर बसली ती तिथे.

नावाचं काय झालं ते तर ऐकाच. मी मोराखाली नाव भरून दिलं तर मास्तरांनी कागद उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला. उलटीकडून अक्षरं आरशातल्यासारखी. म्हणाले, गिऱ्हाईक टॉवेल सुलटाच धरणार हे तुला कुणी सांगितलं? दोन्ही बाजू वापरता येतात म्हणून तर माणूस घेतो. आरशातही तसंच वाचता येईल असं अक्षर पाहिजे तर इंग्रजीत ए, एच, एम, ओ, टी अशी थोडी आहेत, देवनागरीत ठ सोडला तर मला अजून चटकन सापडलेलं नाही, तुम्हाला सापडलं तर सांगा. शेवटी नाव शिवलेल्या लेबलवर गेलं आणि विणीत फक्त मोर राहिला. तो राहिला तो राहिलाच. पुढे काकांनी व्हॉट्सॲपला डीपी लावला, नखाएवढा, तरी ओळखू येतो. वेबसाइट केली तेव्हा ब्राउझरच्या टॅबवर जे सोळा बाय सोळा पिक्सेलचं बारीक चित्र लागतं ना, त्यासाठी पुन्हा नव्याने काही डोकं चालवावं लागलं नाही, साठातून सोळात येताना दोन पिसं तेवढी कमी केली.

आता कुणी म्हणेल हे कापडापुरतं झालं, आम्ही कॅफेचा लोगो करणार. अहो, पण आपलं गावच बघा. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी निघाली, आपण जिला जुनी गिरणी म्हणतो ती. त्या काळात मँचेस्टरहून हिंदुस्थानात कापड यायचं त्या ठाणांवर रंगीत चित्रांची तिकिटं चिकटवलेली असायची, हत्ती, वाघ, देव, राण्या. कारण विकत घेणाऱ्याला अक्षर येवो न येवो, तो दुकानात येऊन चित्राच्या नावाने माल मागायचा. आपल्याकडे त्याला शब्दच आहे, छाप. हत्ती छाप द्या, घोडा छाप द्या. आणि सोलापुरात तर बाजारात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा आणि चारही लिप्या वेगळ्या, मंगळवार पेठेतून एक चक्कर मारली तरी कळतं. अशा गावात जे चिन्ह न वाचता कळतं तेच चारही घरात पोचतं. ब्रँड हा शब्द इंग्रजीतही मुळात जनावराला डाग देण्यावरून आलाय. म्हणजे छापच की! आपण छापेच्या गावात राहतो आणि प्रेरणेसाठी रात्रभर पिंटरेस्ट बघतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

अजून एक दुखणं आहे, ते आत्ताच सांगतो नाहीतर राहून जाईल. मी पोर्टफोलिओ बघतो तेव्हा बारा लोगो असले तर अकरा इंग्रजीत असतात. शेंगाचटणीचा ब्रँड, गिऱ्हाईक सोलापूर, पंढरपूर, लातूरचं, आणि लोगो इंग्रजीत. मी विचारलं का, तर म्हणे सर मराठी फॉन्ट चांगले नसतात. पूर्वी असं म्हणायला थोडी तरी जागा होती, आता काहीच नाही. 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट करणाऱ्या मंडळींनी मुंबईत बसून 'मुक्त' नावाचा फॉन्ट केलाय, 'बलू' केलाय, 'मोदक' केलाय, सगळे फुकट आणि धंद्यासाठी वापरायला मोकळे. विंडोजवर मंगल फॉन्टमध्ये मराठी वाचत आपण मोठे झालो तो र. कृ. जोशींनी केलेला. आणि फॉन्टच कशाला पाहिजे? कमल शेडगेंनी मराठी नाटकांची नावं हाताने लिहिली, जाहिरातीतलं नुसतं अक्षर बघून नाटक विनोदी की गंभीर ते कळायचं. तो लोगोच होता. देवनागरीत शिरोरेघ आहे, ती छप्पर होते, दोरी होते, मागावरचा ताणा होते, इंग्रजीवाल्यांकडे असलं काही नाही. रुपयाचं चिन्ह घ्या, आयआयटी मुंबईत संशोधन करणाऱ्या डी. उदय कुमार यांचं, सरकारने १५ जुलै २०१० ला स्वीकारलं. आपला र, त्याच्यात रोमन आर, आणि वरच्या दोन आडव्या रेघांत एक शिरोरेघ. आज तुमच्या भाजीवाल्याच्या पाटीवर खडूने काढलेलं असतं ते, आणि खडूनेही नीट येतं. साठ बाय साठात तर फारच आरामात बसतं, मी बसवून पाहिलंय.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणे. बरं, मग पत्रिकेवरचा विषय आता जरा पळत पळत घेतो, वह्या काढा.

सुरुवात सॉफ्टवेअरने करू नका, दुकानात जाऊन बसा. अर्धा दिवस बसा. गिऱ्हाईक काय नावाने माल मागतं, पिशवी कोणत्या रंगाची, बिल कोण लिहितं, पाटी कुठून दिसते, हे लिहा. मालकाला कुठला लोगो आवडतो हे विचारू नका, धंदा कुठे अडतो ते विचारा. मग पेन्सिलने तीस-चाळीस छोटे स्केच, नखाएवढे. त्यातले तीन काळ्या-पांढऱ्यात पक्के करा, रंग सगळ्यात शेवटी. पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, म्हणजे पांढऱ्यावर काळा आणि काळ्यावर पांढरा, दोन्ही बघा, टॉवेल आठवा.

लोगो म्हणजे ब्रँड आयडेंटिटी नाही, तो तिचा एक तुकडा आहे. रंग दोन किंवा तीन, अक्षर एक मराठी एक इंग्रजी एकमेकांना शोभेल असं, फोटो कसे काढायचे, मालक फोनवर काय बोलतो, पार्सलवरची टेप, हे सगळं मिळून ओळख होते. ते चार पानांत लिहून द्या, लोगोच्या बाजूला किती जागा मोकळी सोडायची, किती लहान करता येईल, काय करायचं नाही. हे न दिल्याचा मला फटका बसलाय, माझ्या एका लोगोला फ्लेक्सवाल्याने दहा बाय चार फुटांच्या बोर्डात मावावा म्हणून दोन्हीकडून ओढला होता, दोन वर्षं तो बोर्ड माझ्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर होता.

फाइल देताना प्रेसवाल्याला विचारा काय हवंय, आपल्याकडे बहुतेक कोरल हे सॉफ्टवेअर चालतं, म्हणून त्याची सीडीआर फाइल आणि पीडीएफ दोन्ही द्या आणि अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांचं चित्र करून द्या, नाहीतर त्याच्याकडे फॉन्ट नसतो आणि जोडाक्षरं फुटून येतात. छपाईला सीएमवायके, म्हणजे चार शाईंचे रंग, स्क्रीनला आरजीबी, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या उजेडाचे. युनिफॉर्मचा धंदा आपल्याकडे मोठा आहे, खिशावर भरतकामाने लोगो येतो, तिथे पंचिंग, म्हणजे भरतकामाच्या मशीनसाठी टाक्यांची फाइल, करणाऱ्याजवळ जाऊन बसा, चार-पाच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर धाग्यात भरून जातं, मात्रा आणि अनुस्वार तर आधी जातात.

पैशाचं. नाइकीची खूण १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या ग्राफिक डिझाइनच्या विद्यार्थिनीने केली, तिला पस्तीस डॉलर मिळाले. पुढे १९८३ मध्ये कंपनीने बोलावून अंगठी आणि शेअर दिले हे खरं, पण तुम्ही त्याच्या भरवशावर राहू नका. अर्धे पैसे आधी घ्या. किती वेळा बदल करून देणार ते लिहून घ्या. तुम्ही पगारी नोकर नसाल तर लोगोचा कॉपीराइट साधारण तुमच्याकडे राहतो, तो मालकाच्या नावे करायला लेखी कागद लागतो, तर तो कागद पूर्ण पैसे आल्यावर द्या. आणि नाव ठरवायच्या आधी ट्रेडमार्कच्या सरकारी वेबसाइटवर शोधून बघा, कापड, चादरी, टॉवेल चोवीस नंबरच्या वर्गात येतात, तयार कपडे पंचवीसमध्ये. नोंदणी दहा वर्षांची असते, मग नूतनीकरण करत राहायचं. कुणाचं चिन्ह आधीच असेल तर तुमचं सगळं काम वाया, मालकाचे छापलेले बॉक्सही वाया.

दुसरी चिठ्ठी आली. ठीक आहे, थांबतो. ज्यांनी स्वतःचे लोगो आणलेत त्यांनी पुढे या, साठ बाय साठ आखलेले पन्नास कागद आहेत, पेन्सिली आहेत, खोडरबरही आहेत. हॉल सहापर्यंत आपलाच आहे. टॉवेल कुठपर्यंत पोचला?