आकड्यांच्या सोबतीने येणारा गोंगाट

मित्रहो, संगणकाला अ‍ॅम्प्लिफायर जोडलेला असताना गाणे थांबवून, आवाज मात्र वाढवून तुमच्यापैकी कोणी स्पीकरला कान लावला असेल, तर माउस हलवताना उमटणारी बारीक किरकिर त्याने बहुधा ऐकली असेल. ही किरकिर गाण्याच्या फाइलमध्ये नसते. वाटेत बिट बदलल्यामुळेही ती येत नाही, कारण बिट बिघडले तर टकटक होते किंवा आवाजात खंड पडतो. माउसच्या हालचालीबरोबर चढणारी-उतरणारी किरकिर त्यातून निघत नाही. मग ती येते कुठून, हाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

संगणक आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये डॅक, म्हणजे गाण्याच्या आकड्यांचा विद्युत संकेत बनवणारे उपकरण, बसवलेला असतो असे धरू. त्याला जोडणाऱ्या यूएसबी केबलमधून फक्त आकडे जात नाहीत. माहितीच्या दोन तारांशेजारी 5 व्होल्टची एक आणि ग्राउंडची एक तार असते, आणि या ग्राउंडच्या तारेमुळे संगणकाच्या आतली सगळी धावपळ डॅकच्या दारात येऊन उभी राहते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड कामाच्या भारानुसार क्षणाक्षणाला कमी-जास्त प्रवाह ओढतात, त्यांना वीज देणारी स्विचिंग सर्किटे सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात, आणि हाय-स्पीड यूएसबीवरील माहितीची चौकट सेकंदाला 8000 वेळा येत असल्याने काही जोडण्यांमध्ये नेमक्या 8 किलोहर्ट्झची शीळही ऐकू येते.

ग्राउंड म्हणजे शून्य व्होल्ट, असे आपण शिकलेलो असतो, पण ते कागदावरच खरे आहे. प्रत्येक तारेला रोध असतो. डॅकपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत गेलेल्या साध्या आरसीए केबलच्या शील्डचा, म्हणजे आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या वेष्टनाचा, रोध 0.1 ओहम धरा आणि तिच्यातून 1 मिलिअँपिअरचा आगंतुक प्रवाह वाहतो आहे असे समजा. शील्डच्या दोन टोकांमध्ये 100 मायक्रोव्होल्टचा फरक पडेल. हा फरक सरळ संगीताच्या संकेतात मिसळतो, कारण या केबलमध्ये शील्ड हीच संकेताची परतीची वाट असते. डॅकचा पूर्ण आवाज 2 व्होल्ट आरएमएस, म्हणजे शिखरापासून तळापर्यंत सुमारे 5.66 व्होल्ट, धरला, तर 16 बिटांच्या ध्वनीतील सर्वांत लहान पायरी सुमारे 86 मायक्रोव्होल्टची येते. म्हणजे 24 बिटांचा डॅक आणला, तरी एका साध्या तारेने त्याचे आठ बिट पाण्यात घातले.

हा आगंतुक प्रवाह वाहायला बंद वाट लागते, आणि संगणक व अ‍ॅम्प्लिफायर दोघांनाही अर्थिंग असले की ती आपोआप तयार होते. तिलाच ग्राउंड लूप म्हणतात, आणि किरकिरीखेरीज घरातल्या विजेची खर्जातली गुणगुणही तिच्यातूनच येते. तपासणी सोपी आहे. लॅपटॉपचा अडॅप्टर काढून तो बॅटरीवर चालवावा. गुणगुण थांबली तर वाट अडॅप्टरमधून जात होती. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून डॅकची केबल काढावी आणि अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा सुरू करावा; तरीही गुणगुण राहिली, तर बिचाऱ्या संगणकाचा त्यात काही दोष नाही. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा जो सल्ला दिला जातो, तो मात्र कोणीही कधीही ऐकू नये, कारण ती पिन जिवाच्या संरक्षणासाठी असते.

उपाय वाट तोडण्याचा आहे, आणि त्यात मला सर्वांत आवडते ती ऑप्टिकल जोडणी, कारण तिच्यात तांबेच नाही. प्रकाशाबरोबर ग्राउंडचा प्रवाह येऊ शकत नाही. त्या बदल्यात डॅकला आपले घड्याळ येणाऱ्या माहितीच्या ओघाशी जुळवून घ्यावे लागते, तर असिंक्रोनस यूएसबीमध्ये डॅकचेच घड्याळ मालक असते. यूएसबीच ठेवायची असेल, तर विद्युत संपर्क तोडणारा आयसोलेटर मध्ये बसवता येतो. पण तो फक्त सेकंदाला 12 मेगाबिटच्या, म्हणजे हाय-स्पीडहून मंद अशा, फुल-स्पीडचा असेल, तर वरच्या सॅम्पलिंग दरांवर (सेकंदाला ध्वनीची किती मोजमापे, त्यावर) पाणी सोडावे लागते. इथरनेटच्या प्रत्येक पोर्टमध्ये ट्रान्सफॉर्मर असल्याने नेटवर्कवरून चालणारा प्लेअर मुळातच वेगळा राहतो. फक्त दोन्ही टोकांना धातूचे कवच असलेली शील्डेड केबल आणून ही सोय आपल्याच हाताने मोडू नये. डॅक आणि अ‍ॅम्प्लिफायर दोघांकडे बॅलन्स्ड जोडणी असेल, तर संकेत दोन तारांतील फरकातून वाचला जातो आणि शील्डमधला प्रवाह बहुतांशी बाहेरच राहतो.

डॅकसाठी महागडा लिनिअर पॉवर सप्लाय घेण्याची घाई मला पटत नाही. लूप शाबूत असेल, तर तो सप्लाय गुणगुण थांबवणार नाही. केबलवर बसवायचे फेराइटचे मणीही उच्च वारंवारतेसाठीच असतात. 50 किंवा 60 हर्ट्झच्या गुणगुणीला ते दिसतही नाहीत.

बिनखर्चाची एक गोष्ट मात्र हमखास राहून जाते. संगणकातला आवाज 40 डेसिबलने उतरवून अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण उघडला, तर संगीत 40 डेसिबलने खाली येते आणि तारेत शिरलेला गोंगाट जागचा हलत नाही. म्हणून संगणकाचा आवाज पूर्ण किंवा त्याच्या जवळ ठेवावा आणि कमी-जास्त करायचे ते अ‍ॅम्प्लिफायरवर करावे, म्हणजे संगीताबरोबर तो गोंगाटही खाली उतरेल.