दहापैकी दहा

(नागपुरातील एका ज्येष्ठ नागरिक मंडळात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, माइकवाल्या भाऊंनी विचारलं, किती वेळ बोलणार? म्हटलं, सर्व्हिस सेंटरवाले सांगतात तेवढाच. अर्धा तास. तेव्हा डबे घेऊन आला असाल तर बरं.

मी आयुष्यभर वीज खात्यात काढलं. निवृत्तीनंतर गुढीपाडव्याला नवी गाडी घेतली. नारळ फोडला, चारही चाकांखाली लिंबं चिरडली. अमेरिकेत वारंवार बिघडणाऱ्या नव्या गाडीलाच 'लिंबू' म्हणतात आणि तिच्यासाठी वेगळा कायदा आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं. कनेटिकट राज्यानं १९८२ साली तो पहिल्यांदा केला. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही. आपण लिंबं चिरडली चार, पाचवं दारात आणून उभं केलं.

एप्रिल संपता संपता वर्धा रोडवर, छत्रपती चौकाच्या सिग्नलला, एसीतून गरम हवा यायला लागली. इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढला. सिग्नल सुटला, गाडी पळायला लागली, की विमानतळ येईस्तोवर सगळं थंडगार. हिला वाटलं, मीच चुकीचं बटण दाबतो.

पहिल्या खेपेला सर्व्हिस सेंटरवाल्यांनी एसीचा गॅस भरला. दुसऱ्या खेपेला कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, बदललं. तिसऱ्या खेपेला तो सर्व्हिस अॅडव्हायझर, चोवीस-पंचवीसचा पोरगा, हसत म्हणाला, "काका, गाडी ओके आहे. स्कॅनर लावून पाह्यला, काहीच येऊन नाही राह्यलं." ट्रायल कुठे घेतली, म्हटलं. तर रिंग रोडवर, साठच्या वेगानं! अरे बापा, गाडी पळते तेव्हा रेडिएटरला वारा फुकट मिळतो. उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर. दुखतं सिग्नलला आणि तू तपासतो पळताना.

जाताना तो दारापर्यंत आला. "काका, कंपनीतून फोन येईल. दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी आमचा इन्सेंटिव्ह कापतात." पोराचा चेहरा पाहून मी तिन्ही वेळा दहा दिले. जॉब कार्ड म्हणजे गाडीची तक्रार आणि काम लिहायचा त्यांचा कागद; त्याच्या खालच्या रकान्यात 'कामाबद्दल समाधानी' अशा छापील ओळीखाली सहीही केली.

एका रात्री ती तीन जॉब कार्डं जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडली. पहिल्यावर 'एसी चेक'. दुसऱ्यावर 'जनरल चेकअप'. तिसऱ्यावर 'वॉशिंग अँड चेकअप'. कागदोपत्री माझी गाडी एकाच बिघाडासाठी दोनदा गेलीच नव्हती. उलट वॉशिंगला येऊन दहा गुण देणारा सुखी गिऱ्हाईक मीच होतो. मी जे तोंडानं सांगितलं ते हवेत गेलं आणि त्या पोरानं घाईत टाइप केलं ते उरलं. मंडळी, मला आज सांगायचं ते एवढंच आहे. बाकी सगळं याच्याच मागेपुढे येतं.

मग ओळखीच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. बॉनेट उघडून त्यानं टॉर्च मारला आणि हात मागे घेतला. "वॉरंटीत आहे, मी हात नाही लावत. पण साहेब, फोटो काढून घ्या." पंख्याच्या वायरीचा कनेक्टर एका कडेनं तपकिरी झाला होता, भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा. मला ओळख पटायला वेळ लागला नाही. खांबावरचे जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारे तुकडे, असेच जळतात. जोड सैल झाला की तापतो, तापला की आणखी सैल होतो. थंड झाला की पुन्हा चिकटतो, म्हणून सर्व्हिस सेंटरच्या सावलीत सगळं ओके. पंख्याला हुकूम सोडला एवढंच माझ्या गाडीच्या संगणकाला कळत होतं. पंखा फिरला की नाही, ते त्याच्या गावीही नव्हतं.

चौथ्या खेपेला मी काउंटरवरून उठलोच नाही. म्हटलं, लिही: 'एसी चालू, गाडी सिग्नलला उभी, तापमान वाढते, पंखा बंद, हीच तक्रार चौथ्यांदा.' तो म्हणे, रकान्यात एवढं मावत नाही. म्हटलं, पेनानं लिही, शिक्का मार. आधीच्या तारखा, किलोमीटर आणि फोटो घालून डीलर व कंपनी दोघांना ईमेल केला. समाधानी असल्याच्या ओळीखाली 'ट्रायल बाकी' लिहून सही केली.

आता कायद्याचं, थोडक्यात. १९१५ या नंबरच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते, म्हणजे कंपनीचं ऑफिस दुसऱ्या राज्यात असलं तरी आपल्याला नागपूर पुरतं. वस्तूसाठी आपण मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे; मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. दोष नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. फक्त 'नवी गाडीच द्या' असं धरून बसू नका. सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली एका प्रकरणात वॉरंटीच्या अटी पाहून म्हटलं होतं, की कंपनीवर सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची जबाबदारी आहे, अख्खी गाडी बदलून देण्याची नाही. आणि आयोगापुढे तुमचा राग कोणी वाचत नाही, जॉब कार्ड वाचतात.

माझ्यावर तिथवर जायची वेळ आली नाही. ईमेलनंतर आठवड्यानं कनेक्टर आणि वायरिंगचा तेवढा तुकडा बदलला, वॉरंटीत. तोवर मृगाचा पाऊस लागला होता. संध्याकाळी नेहमीचा फोन आला, "सर, दहापैकी किती द्याल?"

म्हटलं, बेटा, पुढच्या मे महिन्यात विचार. भर दुपारी, छत्रपती चौकात.